आठवड्याला पाच मिनिटांची हवा : बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका नेमबाजी वर्गाचं प्रकरण

२०२३ चा जून संपत आला होता. पाऊस लागून आठवडा झालेला. आमच्या वर्गातली नववीतली एक मुलगी रायफल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मामा, माझं काय चुकतंय बघा की. धरते तशीच धरते, पण एक शॉट वर जातोय, एक खाली."

तिचं धरणं मी रोज बघत होतो, त्यात खोट नव्हती. रायफलीखालचा हवेचा सिलिंडर काढला, अडॅप्टर लावून त्याच्या स्क्रूने हवा सोडली. शेवटची हवा निघताना पांढरं धुकं आलं. सिलिंडर पालथा धरला तर तळहातावर एक थेंब पडला, पीठ कालवल्यासारखा गढूळ पांढरा. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून पाणी लागलं की असा रंग येतो. तिथून पुढे ते पाणी रेग्युलेटरमध्ये, म्हणजे हवा ठरलेल्या दाबाने पुढे सोडणाऱ्या भागात, जातं आणि पेलेटचा (छर्‍याचा) वेग डळमळायला लागतो.

कोल्हापूरच्या एका प्रशिक्षकांकडून वेग मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. सेकंदाला १७० मीटर, मग १७६, मग परत १६९. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण १० मीटरवर सहा मीटरच्या या फरकाने पेलेट एक मिलिमीटरहून थोडा जास्तच खालीवर होतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर १०.० पासून १०.९ गुणांपर्यंतची प्रत्येक दशांश पायरी पाव मिलिमीटरची आहे. म्हणजे मुलीने काहीही न चुकता तिचे चार-पाच दशांश जात होते, तेही एकेका शॉटमागे. ६० शॉटच्या स्पर्धेत याचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. ती महिनाभर स्वतःला दोष देत होती, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

आमचा वर्ग एका माध्यमिक शाळेच्या जुन्या सभागृहात भरतो. तेव्हा मुलं २४, मराठी माध्यमाची आणि कन्नड माध्यमाचीही. रायफली सहा, सगळ्या .१७७ बोअरच्या, आधीच भरलेल्या हवेवर चालणाऱ्या. मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रोलिक्सच्या कारखान्यात उमर काढली. आता इथली साधनं सांभाळतो. हवा भरायची ती हातपंपाने. तीन टप्प्यांचा, सायकलच्या पंपासारखाच दिसणारा, पण २०० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशे पट दाबापर्यंत, नेणारा. शेवटच्या टप्प्यात अख्खं अंग दांड्यावर टाकावं लागतं, हलक्या मुलांच्याने तो खाली जातच नाही. एका रायफलीला शंभर-सव्वाशे झटके, मध्ये थांबून पंप निवू द्यायचा. मोठी मुलं पाळी लावून भरायची आणि थरथरत्या हातांनी नेमाला उभी राहायची.

पाणी कुठून येतं ते आधी समजून घेऊ. आमच्या रायफलीचा सिलिंडर साधारण ०.१५ लिटरचा. ८० बारवरून २०० वर न्यायचा म्हणजे बाहेरची १८ लिटर हवा आत कोंबायची. खानापूरकडच्या पावसाळ्यात घनमीटरभर हवेत २० ग्रॅमच्या आसपास वाफ असते. हवा दोनशे पट आवळली की ती वाफ वाफ राहत नाही, तिचं पाणी होतं. एका भराईला ग्रॅमचा तिसरा हिस्सा. पंपाच्या तळची जाळी थोडं अडवते, बाकीचं आत जातं. प्रत्येक रायफलीत आठवड्याला ग्रॅमभर पाणी आम्ही स्वतःच्या हातांनी, घाम गाळून भरत होतो.

वर्गाच्या समितीची बैठक झाली. सव्वा लाख रुपये जमले होते आणि जवळपास सगळ्यांचं मत ठरलेलं होतं : कंप्रेसर, म्हणजे हवा दाबून भरणारं यंत्र, घ्यायचा. समितीतले आमचे अण्णा म्हणाले, "मशीन आपलं पाहिजे. दुसऱ्याच्या दारात किती दिवस जायचं?" या म्हणण्यात तथ्य होतं आणि मी ते उडवून लावलं नाही. मी फक्त दोन आठवडे मागितले. किती हवा लागते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं आणि यंत्र ठरवायला निघालो होतो.

दोन आठवडे वहीत नोंद केली. २४ मुलं, आठवड्याला तीन वेळा, दर वेळी साठेक शॉट : सुमारे ४३०० शॉट. २०० ते ८० बार या टप्प्यात आमची रायफल दोनशेच्या आसपास शॉट देते. म्हणजे आठवड्याला २२ भराया, आणि प्रत्येकी १८ लिटर धरले तर सगळी मिळून ४०० लिटर हवा.

हा आकडा फळ्यावर लिहिला आणि बैठकीचा रोखच बदलला. पाण्याखाली पोहणाऱ्या पाणबुड्यांच्या टाक्या भरणारा चांगल्यातला छोटा कंप्रेसर मिनिटाला ८० ते १०० लिटर हवा देतो. आमची आठवड्याची गरज म्हणजे त्याचं जेमतेम पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांसाठी आमच्या जमलेल्या पैशांच्या दुपटीहून महाग यंत्र, त्याचं तेल, त्याची गाळण. आणि त्या गाळणीतला ओलावा शोषणारा माल तर यंत्र बंद असलं तरी आमच्या हवेत जुना होतो.

मग लहान यंत्र? बाजारात २२० व्होल्टवर चालणारे, डोकं पाण्याने थंड ठेवणारे छोटे कंप्रेसर मिळतात. बादलीत पंप सोडायचा, नळी जोडायची, मिनिट-दीड मिनिटात रायफल भरते. ज्याच्या घरी एकदोन रायफली आहेत त्याने हेच घ्यावं, असं मी आजही सांगतो. पण घेताना दोन गोष्टी बघाव्यात. सोबत येणारा कापसाचा बोळा तेल अडवतो, ओलावा नाही. त्यासाठी शोषक माल भरलेली वेगळी गाळण लावावीच लागते. आणि त्या गाळणीपुढे दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह हवा. तो नसेल तर सुरुवातीची हवा कमी दाबाने गाळणीतून सुसाट निघून जाते आणि ओलीच राहते. पाणी वेगळं होतं ते दाबाखाली, म्हणून गाळणीला आधी दाब मिळाला पाहिजे. शिवाय दर काही मिनिटांनी साचलेलं पाणी सोडायला माणूस जवळ उभा हवा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल, व्होल्टेज कधी पडेल याचा नेम नाही, आणि शेजारच्या खोलीत दहावीचा वर्ग. कंप्रेसरच्या आवाजात शिकवायचं कसं, हा मुख्याध्यापक सरांचा प्रश्न रास्त होता.

वेल्डिंगचा गॅस देणाऱ्यांकडेही चौकशी केली. इथला मोह खरा होता. त्यांचा नायट्रोजन कोरडा असतो, स्वस्त असतो, ४७ लिटरचा मोठा सिलिंडर दारात आणून देतात. पण ते भरतात १५० बारच्या आसपास, त्यामुळे आमचे २०० बार त्यातून पहिल्या भराईलाही मिळाले नसते. आणि नकाराचं खरं कारण दाब नव्हतंच. त्या दुकानात नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारीशेजारी उभे असतात. ऑक्सिजनचा काळा सिलिंडर चुकून आला, कुणी जुळवाजुळव करून जोडला, तर रायफलीतल्या ग्रीसला तो क्षणात पेटवतो आणि सिलिंडर हातात फुटतो. मुलांच्या जागेत अशा चुकीची वाट उघडी ठेवायचीच नाही, असं मी ठरवलं. बंद सभागृहात सात घनमीटर नायट्रोजन गळाला तर श्वासाचं काय, हा प्रश्न वेगळाच.

तेव्हा उरला एक मार्ग : मोठ्या टाक्या बाहेरून कोरड्या हवेने भरून आणायच्या आणि त्यातून रायफली भरायच्या. वर्षभरात मी सगळ्यात जास्त शिकलो ते इथे.

टाकीतून रायफल भरताना यंत्र नसतं. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा झाला की थांबते. म्हणून टाकीत किती हवा आहे याला महत्त्व नाही, रायफलीच्या दाबाच्या *वर* किती आहे याला आहे. समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्यांकडे ज्या ॲल्युमिनियमच्या टाक्या सर्रास दिसतात त्या ११ लिटरच्या, २०७ बारच्या. पूर्ण भरलेली अशी टाकी दोन हजारांहून जास्त लिटर हवा बाळगून असते, पण २०० बारला रायफल भरायची म्हटली तर कामाचे वरचे सातच बार. चार भराया, की संपलं. एका पालकांनी गोव्याहून स्वस्तात अशी जुनी टाकी आणायची तयारी दाखवली होती, त्यांना हाच हिशेब मांडून दाखवला.

३०० बारची १२ लिटरची टाकी घेतली तर वरचे १०० बार कामाचे. कागदावर ६६ भराया. प्रत्यक्षात ५५ च्या पुढे जात नाहीत, कारण २०० बारच्या वर हवा शाळेतल्या नियमाप्रमाणे दबत नाही, हट्ट करते. गेजवर ३०० दिसले तरी आत त्या मानाने दहाएक टक्के हवा कमी असते. हा गणिताचा फरक विक्रेते सांगत नाहीत. तरी ५५ म्हणजे अडीच आठवडे. वाईट नाही. अडचण एवढीच की ३०० बारपर्यंत भरून देणारा आम्हाला टप्प्यात कुणी सापडेना, आणि त्या टाक्या महाग.

अडलं होतं ते इथे. सुटलं ते त्या मुलीच्या रायफलीमुळे.

तिचा रेग्युलेटर उघडून साफ केला, सील बदलले, सिलिंडर कोरडा केला. दुरुस्ती नीट झाली का ते बघायला वेगाचं यंत्र परत लावलं आणि २०० बारपासून शॉट सोडत गेलो. २०० वर १७२. १६० वर १७२-१७३. १२० वर १७२. ९० वर तेच. ७५ वर आल्यावर १६८. ती आणि मी, दोघंही आकड्यांकडे बघत राहिलो. रेग्युलेटर असलेल्या रायफलीला सिलिंडरात २०० आहेत की १६० याच्याशी देणंघेणं नाही. तो आपल्या ठरलेल्या दाबाने, ७०-८० बारच्या आसपास, हवा पुढे सोडतो. मागचा दाब त्याच्या वर आहे तोवर वेग तोच. हे पुस्तकात मी वाचलं होतं. पण २०० हा आकडा सिलिंडरवर कोरलेला असतो, आणि कोरलेला आकडा आपण गरज समजून बसतो. ती कमाल मर्यादा आहे.

मग १६० बारच भरायचं ठरवलं तर? १६० ते ८० मध्ये आमच्या रायफलीला १३० च्या आसपास शॉट मिळतात. स्पर्धेचे ६० आणि आधीचे सायटर (नेम जमवायचे शॉट) धरून पुरून उरतात. आणि टाकीचा हिशेब पार पालटतो. २३२ बारची साधी पोलादी १२ लिटरची टाकी, जी आधी २०० साठी कुचकामी वाटत होती, ती आता वरचे ७२ बार देते. हवेचा हट्ट धरूनही साठाहून जास्त भराया, म्हणजे आठ हजारांवर शॉट. जवळजवळ दोन आठवडे, आणि एका टाकीवर. (ज्या रायफलींना रेग्युलेटर नाही त्यांना हे लागू नाही. त्यांचा वेग दाबाबरोबर चढतो-उतरतो, त्यांचा दाबाचा पट्टा वेगाचं यंत्र लावूनच शोधावा लागतो.)

आम्ही २३२ बारच्या दोन टाक्या घेतल्या. दोन का, तर पाळीने वापरता येतात म्हणून : आधी कमी दाबाची टाकी जोडून रायफल जिथवर जाईल तिथवर न्यायची, मग दुसरी जोडून १६० करायचे. अशाने पहिल्या टाकीतली १६० च्या खालची हवाही वाया जात नाही. दोन टाक्या आम्हाला महिन्याहून थोड्या जास्तच पुरतात. भरून आणतो त्या कोल्हापूरच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीतून, जिथे कारखान्यांच्या आगविमोचनाच्या पथकांचे श्वसनाचे सिलिंडर भरले जातात. माणसाच्या फुप्फुसात जायची हवा असल्याने कोरडी आणि तेलाविना देणं त्यांना भागच आहे. एका पालकांचा टेम्पो महिन्याला निपाणीमार्गे कोल्हापूरला जातोच; टाक्या आडव्या, लाकडी पाचर लावून, व्हॉल्व्हवर टोपी घालून बांधलेल्या जातात.

खरेदी करताना एका गोष्टीवर मी अडून बसलो. आपल्याकडे ५०० मिलिलिटरहून मोठा दाबाचा सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत येतो आणि त्याची मान्यता पेसो, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना देते. रायफलीचा छोटा सिलिंडर त्या मापाखाली राहतो, टाकी राहत नाही. खांद्यावर कोरलेली मान्यता आणि पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची तारीख बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तारीख नसलेली टाकी प्रामाणिक भराई केंद्र भरूनही देत नाही.

तारखा बघायची सवय लागली तशी रायफलींचे सिलिंडरही ओळीने मांडले. सहांपैकी दोनांवर २०१२ कोरलेलं. अशा सिलिंडरांचं आयुष्य बनवणारे दहा वर्षं धरतात आणि स्पर्धेत ती तारीख सांभाळायची जबाबदारी खेळाडूवर असते. ते दोन त्याच दिवशी बाजूला काढले. कंप्रेसरसाठी ठेवलेल्या पैशांतला एक हिस्सा नव्या दोन सिलिंडरांवर गेला, आणि तो मला सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो.

नळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे माझ्याच धंद्यातली सवय आडवी आली. उद्यमबागेत ३०० बार ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. आमच्या हायड्रोलिकच्या नळ्या त्याहून जास्त दाब रोज सोसतात. जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "नळी आणि फिटिंग मी फुकट करून देतो की, बाहेरून कशाला घेताय?" मीही क्षणभर हो म्हणणार होतो. पण हायड्रोलिकच्या नळीत तेल असतं आणि तेल जवळजवळ दबत नाही. नळी फुटली तर तेल उडतं आणि दाब लगेच मरतो. हवा मात्र आवळलेल्या स्प्रिंगसारखी असते, सांधा सुटला तर सगळा साठा रिता होईपर्यंत ढकलत राहते, नळीचा चाबूक करते. हायड्रोलिक नळीत राहिलेला तेलाचा अंश दाबलेल्या हवेत पेट घेऊ शकतो. हवेच्या नळीच्या वरच्या आवरणाला मुद्दाम बारीक टोचे मारलेले असतात, आतून झिरपणारी हवा फुगा न करता बाहेर जावी म्हणून. आम्ही हवेसाठीचीच बारीक नळी घेतली, गेज आणि हवा सोडायच्या स्क्रूसकट. जोडणी डिन पद्धतीची, म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवायची. तिच्यात २०० बारच्या आट्या पाच आणि ३०० च्या सात असतात. आखूड जोडणी ३०० च्या टाकीत मुद्दामच बसत नाही, लांब जोडणी दोन्हींत बसते. आम्ही लांब घेतली, पुढे ३०० ची टाकी आली तर बदलायला नको म्हणून.

भरायचं ते सावकाश. व्हॉल्व्ह भसकन उघडला की सिलिंडर तापतो, गेजवर १६० दिसतात आणि निवल्यावर १४८. मुलांना मी सिलिंडरवर तळहात ठेवायला लावतो : कोमट लागला की थांब. आणि स्क्रूने नळीतली हवा सोडल्याशिवाय सांध्याला हात नाही. ही गोष्ट पाठ झाल्याशिवाय कुणालाही टाकीजवळ येऊ देत नाही, अण्णांनासुद्धा नाही.

अण्णांची शंका खोटी ठरली नाही, हेही नोंदवतो. २०२४ च्या मार्चमध्ये भराई केंद्राचं यंत्र बारा दिवस बंद होतं आणि आमच्या दोन्ही टाक्या तळाला. दुसऱ्याच्या दारात जावं लागतं ते असं. ते दिवस हवा न वापरता कोरड्या सरावावर काढले, आणि मार्चची हवा त्यातल्या त्यात कोरडी असल्याने हातपंप बाहेर काढला. तेव्हापासून एक टाकी १७० च्या खाली गेली की दुसरी भरलेली आहे ना हे बघायचा नियम केला. हातपंप अजून आहे, ओलावा शोषणाऱ्या मण्यांची नळी तोंडाला लावून. मणी निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून परत निळे करायचे. प्रवासाला तोच बरा.

त्या वर्षी १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तो प्रकार काडतुसाच्या रायफलीचा, आमचा हवेचा, पण राधानगरीकडच्या कांबळवाडीचा पोरगा म्हटल्यावर आमच्या मुलांना तो घरचाच. दोन महिन्यांत मुलं २४ ची ३७ झाली. म्हणजे आठवड्याला ४०० ऐवजी ६०० लिटरच्या वर हवा, दोन टाक्या तीन आठवड्यांच्या आतबाहेर. टेम्पो मात्र महिन्यालाच जातो. तिसरी टाकी की आता खरोखर गाळणीसकट छोटा कंप्रेसर, यावर समितीत बोलणं चालू आहे. मी तिसऱ्या टाकीच्या बाजूचा आहे. अण्णा अजून यंत्राच्या. यावेळी निदान दोघांच्याही हातात वही आहे.

वहीत रोज भराईआधीचा आणि नंतरचा दाब, रायफलीचा क्रमांक, तारीख असतं. ते काम आता ती मुलगी करते. गेल्या वर्षी तालुक्याबाहेरच्या स्पर्धेला गेलो होतो; तिथे रांगेतली सगळी मुलं टाकीजवळ २०० करून घ्यायला उभी होती. मी म्हटलं, तूही भरून घे. तिने गेज बघितला, ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली आणि रायफल उचलली. "१४२ आहे, मामा. शंभर शॉट निघतात. पुरतंय."